बोरगडच्या रानात जाण्यापूर्वीचे ब्याऐंशी दिवस

शाळेतील मुलांना एखाद्या राखीव रानात न्यायचे असेल तर नेमक्या कोणत्या दारापासून सुरुवात करायची, हे मला सप्टेंबर २०२४ पर्यंत ठाऊक नव्हते. चौकशी केली तेव्हा प्रत्येकाने वेगळे दार सांगितले. आता ती भेट पार पडली आहे आणि कागदपत्रांची फाईल समोर आहे, म्हणून सगळे क्रमाने लिहून ठेवते. माझ्यासारख्या एखाद्या शिक्षिकेचे चार हेलपाटे जरी वाचले, तरी या लेखनाचे काम झाले असे मी समजेन.

मी नाशिकच्या पंचवटी भागातील एका शाळेत विज्ञान शिकवते. आठवीच्या पुस्तकात परिसंस्थेचा पाठ आहे. तो शिकवण्यापूर्वी, सोमवारी २३ सप्टेंबरला, मी वर्गात विचारले की जंगल कोणी पाहिले आहे. अडतीसपैकी सात हात वर आले. त्यांतील चार जणांनी पाहिलेले जंगल म्हणजे धावत्या गाडीच्या खिडकीतून दिसलेला कसारा घाट होता. नाशिकपासून पाऊण तासाच्या अंतरावर बोरगडचे रान आहे आणि आमच्या मुलांना ते ठाऊक नाही, याची त्या दिवशी मला फार खंत वाटली. दुपारीच मी मुख्याध्यापकांकडे विषय काढला. त्यांनी तोंडी होकार दिला, पण शालेय समितीचा ठराव, शिक्षण विभागाची परवानगी, पालकांची संमती, वनविभागाचे पत्र आणि एसटीची गाडी या पाच गोष्टी हातात आल्याशिवाय तारीख जाहीर करायची नाही, अशी अटही घातली. पुढे ही अट किती शहाणपणाची होती ते कळले.

बोरगडच का, हे आधी सांगायला हवे. पेठ रस्त्याने आशेवाडीच्या बाजूला गेले की रामशेज किल्ला दिसतो आणि त्याच्या शेजारी बोरगडाचा डोंगर आहे. एके काळी तोडीमुळे उघडा पडलेला हा डोंगर पायथ्याचे गावकरी, वनविभाग आणि नेचर कॉन्झर्व्हेशन सोसायटी ऑफ नाशिक ही संस्था यांच्या अनेक वर्षांच्या खटपटीतून पुन्हा झाकला गेला. २००८ मध्ये तेथील सुमारे ३५० हेक्टर क्षेत्राला संवर्धन राखीवचा दर्जा मिळाला. राज्यातील ते पहिले संवर्धन राखीव. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा असला, तरी त्यात हा प्रकार २००२ च्या दुरुस्तीने आला. अभयारण्याइतकी कडक बंधने न घालता आणि भोवतालच्या गावांना विश्वासात घेऊन सरकारी जमिनीवरचे रान राखायचे, असा त्यामागचा विचार आहे. मुलांना नुसते रान दाखवायचे नव्हते. गेलेले रान परत कसे येते, हे दाखवायचे होते आणि त्यासाठी याहून जवळची जागा मला माहीत नव्हती.

शालेय समितीचा ठराव आठवड्याभरात झाला. ३० सप्टेंबरला मी उपवनसंरक्षकांच्या नावे लिहिलेला अर्ज घेऊन निघाले आणि तासाभरात तो परत घेऊन आले. अर्जात मी विषय लिहिला होता ‘शालेय सहलीस परवानगी मिळणेबाबत’. आवक-जावक टेबलावरच्या बाईंनी तो वाचला आणि अगदी आपुलकीने म्हणाल्या, “मॅडम, सहल लिहिलंत तर साहेबांच्या डोळ्यांपुढे डबे आणि स्पीकरच येतील. तुम्ही तिथं करणार काय, ते लिहा.” त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटले. शिवाय मुलांच्या वयासह यादी, सोबतच्या शिक्षकांचे मोबाईल क्रमांक, येण्याजाण्याची वेळ आणि जबाबदार व्यक्तीचे हमीपत्र जोडायचे राहिले होते. तीन दिवसांनी विषय बदलून ‘इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांच्या निसर्ग अभ्यास भेटीस परवानगी मिळणेबाबत’ असा अर्ज नेला, खाली तीन ओळींत अभ्यासाचे स्वरूप लिहिले आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांसाठी प्रत जोडली. स्वतःच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घेतली. ही पोच जपून ठेवावी, तिचा फोटोही काढून ठेवावा, असे मी प्रत्येकाला सांगेन. त्याचे कारण पुढे येते.

ऑक्टोबरची सुरुवात पालकांच्या संमतीपत्रांत गेली. पस्तीस पत्रे चार दिवसांत आली. दोन मुलांना दमा होता, त्यांच्या पालकांशी मी सविस्तर बोलले, औषध कोणत्या खिशात असेल इथपर्यंत ठरवले आणि त्यांच्याही सह्या मिळाल्या. एक पत्र मात्र येईना. ती मुलगी हुशार, पण अबोल आहे. तिचे आईवडील पेठ तालुक्यातून कामासाठी नाशिकला आले आहेत आणि आई बांधकामावर जाते. मी एका संध्याकाळी त्यांच्या खोलीवर गेले. आईने चहा ठेवला आणि सरळ विचारले, “रानात काय बघायचं बाई? रानात पोट भरत नाही म्हणून तर आम्ही इथं आलो. आणि त्याला पैसे भरायचे?” माझ्याकडे याचे तयार उत्तर नव्हते. मी पैशांचे पाहून घेऊ म्हणाले, पण त्यांचा प्रश्न केवळ पैशांचा नव्हता. ज्या गोष्टीपासून सुटका व्हावी म्हणून एक पिढी गाव सोडते, ती गोष्ट आपण तिच्या मुलीला शिक्षण म्हणून दाखवणार होतो. मी एवढेच म्हणाले की तिच्या वर्गातल्या बाकीच्या मुलांना साग आणि ऐन यांतला फरक कळत नाही आणि तुमच्या मुलीला तो बहुधा कळतो, तेव्हा ती सोबत असली तर मलाच मदत होईल. त्यांनी सही लगेच केली नाही. पत्र आठ दिवसांनी आले.

१५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची घोषणा झाली आणि सगळ्याच कागदांचा वेग मंदावला. आम्हा शिक्षकांना निवडणुकीचे प्रशिक्षण लागले, मग दिवाळीची सुटी आली आणि २० नोव्हेंबरचे मतदान होईपर्यंत कोणाकडे विचारणा करण्यात अर्थ नव्हता. या काळात मी मनाने खचले होते. मुले दर दोन दिवसांनी “बाई, कधी?” असे विचारत आणि मला “अजून पत्र आले नाही” याखेरीज काही सांगता येत नसे. आता वाटते की या रिकाम्या काळात मी पायथ्याच्या गावाशी बोलणे करायला हवे होते. ते मी नंतर घाईघाईने केले.

२५ नोव्हेंबरला, सोमवारी, पुन्हा चकरा सुरू केल्या. हा कागद ज्या कार्यालयांतून जाणार होता त्यांपैकी एका ठिकाणी असा अर्ज आलेलाच नाही, असे उत्तर मिळाले. पूर्वी अशा उत्तराने मी निमूटपणे परत फिरले असते. त्या दिवशी पोच पुढे ठेवली. आवक क्रमांक पाहून नोंदवही उघडली गेली आणि निवडणुकीच्या कागदांखाली गेलेला आमचा अर्ज अर्ध्या तासात वर आला. कोणी जाणूनबुजून अडवले होते असे मी म्हणणार नाही. महिनाभर त्या टेबलावर दुसरेच काम होते.

त्यानंतर गोष्टी भराभर घडल्या. चौथ्या दिवशी त्या भागातील वनरक्षकांचा फोन आला. परवानगीला हरकत नाही, पण मुलांना आणण्याआधी तुम्ही स्वतः येऊन वाट पाहून जा, असे त्यांनी सुचवले. रविवारी १ डिसेंबरला मी आणि आमचे क्रीडाशिक्षक दुचाकीवरून गेलो. नकाशावर मी आखलेली वाट त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत बाद केली. बोरगडाच्या माथ्यावर हवाई दलाचे ठाणे असल्यामुळे वर जाता येत नाही, हे मला ऐकून माहीत होते. पण त्या बाजूला कॅमेरा रोखायचा नाही आणि ड्रोनचा तर विचारही करायचा नाही, हे मुलांना आधीच बजावून ठेवायला त्यांनी सांगितले. मग त्यांनी पायथ्याशी समांतर जाणारी, साधारण अडीच किलोमीटरची, मध्ये सपाट जागा असलेली पायवाट दाखवली. आम्ही ती घड्याळ लावून चाललो. आम्हा दोघांना पन्नास मिनिटे लागली, म्हणून मुलांसाठी अडीच तास धरले. शौचालयाची सोय कुठे आहे, मोबाईलला कुठे रेंज मिळते, गाडी कुठे वळू शकते आणि सर्वांत जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे, हे चार प्रश्न या पाहणीत सोडवून घ्यावेत. परवानगीच्या पत्रात यांतले काहीच लिहिलेले नसते.

त्याच दिवशी वनरक्षकांनी पायथ्याच्या गावातील एका वृद्ध गृहस्थांशी गाठ घालून दिली. हे बाबा संयुक्त वन व्यवस्थापन समितीत अनेक वर्षे होते. मुले येणार म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो जेवणाचा. गावातील महिला बचत गट जेवण करून देईल, ताटाला साठ रुपये, असे बोलण्यात ठरले. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी आणि भात. मी आधी बिस्किटे आणि वडापाव नेण्याचा विचार केला होता, याची नंतर मला लाज वाटली; त्यात कचराही झाला असता आणि गावाशी संबंधही आला नसता.

५ डिसेंबरला परवानगीचे पत्र हातात आले. सकाळी सात ते दुपारी दोन ही वेळ, वनरक्षकांची सोबत अनिवार्य, आग पेटवायची नाही, प्लास्टिक न्यायचे नाही, ध्वनिवर्धक नाही, रानातील कोणतीही वस्तू बाहेर आणायची नाही आणि अपघात झाल्यास जबाबदारी शाळेची, अशा अटी होत्या. शिक्षण विभागाची परवानगी त्याआधी दोन दिवस आली होती. दोन्ही पत्रे घेऊन एसटीच्या आगारात गेले. शालेय सहलींना एसटी भाड्यात पन्नास टक्के सवलत देते. त्यासाठी मुख्याध्यापकांच्या सहीची यादी आणि शिक्षण विभागाच्या परवानगीची प्रत लागली. मात्र एक गोष्ट आधी माहीत असावी. प्रासंगिक कराराची गाडी घेतली की दिवसाच्या ठरलेल्या किमान अंतराचे भाडे आकारले जाते. आमचा प्रवास जाऊन-येऊन जेमतेम चाळीस किलोमीटरचा असला, तरी सवलत वजा जाता गाडीचे ७,९८० रुपये झाले. जेवणाच्या पंचेचाळीस ताटांचे २,७००, प्रथमोपचार पेटी आणि कागद-पेन्सिलींचे ७८०, असा एकूण खर्च ११,४६० रुपये. मुलांकडून प्रत्येकी २८० रुपये घेतले. सहा मुलांकडून काहीच घेतले नाही आणि उरलेले अडीच हजार सोबत जाणाऱ्या आम्ही पाच जणांनी वाटून घेतले.

शनिवार, १४ डिसेंबर. थंडी कडाक्याची होती. साडेसहाला शाळेच्या फाटकातून गाडी निघाली तेव्हा उजाडायचे होते. पेठ रस्त्याला शहर मागे पडले आणि काचेवर जमलेले दव पुसून मुले बाहेर पाहू लागली. द्राक्षबागांत फवारणीचे ट्रॅक्टर फिरत होते, मण्यांचे हिरवे घड दिसू लागले होते. भात आणि नागली निघालेल्या शेतांत पेंढ्याच्या उडव्या उभ्या होत्या. रामशेज समोर आला तसा इतिहासाच्या शिक्षकांनी उभे राहून सांगितले की संभाजी महाराजांच्या काळात, १६८२ पासून पुढे पाच-सहा वर्षे, हा छोटासा किल्ला मोगलांच्या हाती लागला नव्हता. साहजिकच मुलांना किल्ल्यावर जायचे होते. आम्ही ते कार्यक्रमात घेतले नव्हते आणि मला तो निर्णय आजही योग्य वाटतो. एका दिवसात दोन गोष्टी दाखवल्या की मुलांच्या हाती धड एकही लागत नाही.

सात वाजून वीस मिनिटांनी आम्ही रानाच्या तोंडाशी होतो. मुलांचे चार गट, गटाला एक शिक्षक, प्रत्येक मुलाला एक जोडीदार. वनरक्षकांनी सुरुवातीला बिबट्याविषयीचे सगळे प्रश्न एकदाच घेऊन टाकले, नाही तर मुलांचे दुसऱ्या कशाकडेच लक्ष गेले नसते. बिबट्या या भागात आहे, एवढ्या आवाजात तो जवळ येणार नाही, आणि म्हणूनच कोणी गट सोडून एकट्याने झुडपाआड जायचे नाही, असे त्यांनी सांगितले.

पुढे बाबांनी एका सागापाशी थांबवले. त्याच्या बुंध्यातून तीन खोडे निघाली होती. “हा एक साग आहे का तीन?” त्यांनी विचारले. मुलांनी तीन म्हटले. बाबांनी बुंध्याजवळची पाने पायाने बाजूला केली. खाली जुना, काळा पडलेला, कुऱ्हाडीने तिरपा तोडलेला खुंट होता. साग तोडला तरी मुळे जिवंत असली की खुंटाला धुमारे फुटतात. ते गुरांनी खाल्ले किंवा पुन्हा तोडले तर झुडूपच राहते, आणि राखले तर झाड होते. गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली तेव्हा या खुंटांनी निम्मे काम केले, बाकीचे लावलेल्या रोपांनी, असे त्यांचे म्हणणे. मग मुले प्रत्येक सागाचा बुंधा वाकून पाहू लागली. परतताना त्यांच्या वह्यांत एकखोडी आणि बहुखोडी झाडांची मोजणी होती. ती मी सांगितली नव्हती.

सपाट जागेवर एक तास एकाच ठिकाणी बसायचे, हा माझा आग्रह होता. सहकाऱ्यांना भीती होती की तेरा वर्षांची मुले तासभर बसणार नाहीत. पहिली पंधरा मिनिटे खरोखर कठीण गेली. मग मोज्यांत घुसलेली कुसळे कामी आली. वाळलेल्या गवतातून चालल्यामुळे प्रत्येकाच्या पायाला ती टोचत होती. मी एक कुसळ काढून तळहातावर ठेवले. खाली सुईसारखे टोक असलेले बी, त्यावर उलटे बारीक केस आणि मागे लांब, तपकिरी, दोरीसारखी पीळ पडलेली शेपटी. बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब त्यावर सोडला. क्षणभर काही झाले नाही आणि मग ती शेपटी हळूच फिरू लागली. पीळ उलगडत गेला, वाकलेले टोक घड्याळाच्या काट्यासारखे माझ्या तळव्यावर वर्तुळ काढू लागले. ओलाव्याने पीळ सुटतो, वाळले की पुन्हा पडतो आणि या फिरण्यातून बी स्वतःला मातीत रुतवून घेते. मग अडतीस मुलांनी आपापले मोजे काढले. त्यानंतरचा पाऊण तास मला कोणालाही गप्प बसायला सांगावे लागले नाही.

एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण तो कोणावरही येऊ शकतो. निघताना मोजणी केली तर सदतीस भरली. पुन्हा मोजली, पुन्हा सदतीस. ती तीन मिनिटे मी विसरणार नाही. हातपाय गार पडले होते. एक मुलगा दहा पावलांवरच्या दगडामागे बसून बुटाची नाडी बांधत होता. त्याचा जोडीदार दुसऱ्या गटातील मित्राबरोबर पुढे गेला होता. यावरून मी एवढेच सुचवेन की शिक्षकांनी डोकी मोजू नयेत. मुलांना क्रमांक द्यावेत आणि त्यांनी ते मोठ्याने म्हणावेत, म्हणजे कोण नाही ते लगेच कळते.

गावात परतण्याच्या वाटेवर वनरक्षकांनी गवत कापून काढलेला लांब पट्टा दाखवला. ही जाळरेषा. उन्हाळ्यात वणवा लागला तर तो या रिकाम्या पट्ट्यापाशी थांबवता येतो. जवळच शेंदूर लावलेला वाघदेवाचा दगड होता. त्यावर वाघ, सूर्य, चंद्र आणि नाग कोरलेले होते. वाघबारशीला येथे पूजा होते, असे बाबांनी सांगताच ती अबोल मुलगी प्रथमच आपणहून बोलली, “आमच्या गावाला पण आहे.” एवढेच बोलली. बाकीच्यांनी तिला पुढचे अर्धा तास प्रश्न विचारले आणि तिने त्यांतील बऱ्याच प्रश्नांची उत्तरे दिली.

जेवताना ती माझ्याजवळ आली. आईला खोकला आहे, तिने बेहडे आणायला सांगितले आहेत, वाटेत झाडाखाली पडलेले दिसले होते, चार घेऊ का, असे तिने विचारले. पत्रातील अट मला पाठ होती. रानातून काहीही न्यायचे नाही. मी नाही म्हणाले आणि नाही म्हणताना मला फार जड गेले, कारण जिच्या पूर्वजांनी असेच रान वापरले आणि राखले, तिला मी त्या रानातले चार बेहडे नाकारत होते. भाकरी वाढणाऱ्या आजींनी हे ऐकले असावे. त्या घरात गेल्या आणि पदरात काहीतरी घेऊन आल्या. “हे माझ्या बांधावरच्या झाडाचे आहेत, रानातले नाहीत,” त्या वनरक्षकांकडे पाहत म्हणाल्या. वनरक्षक हसले आणि त्यांनी मान डोलावली. कागदाच्या पुडीत सात वाळलेले बेहडे होते. साल दाढेत धरून ठेवायची, चावायची नाही, हेही त्यांनी मुलीला बजावले.

पावणेदोनला गाडी निघाली, अडीचला आम्ही शाळेत होतो. सोमवारी मुलांच्या अहवालांतून निवडक पाच, सागाच्या खोडांच्या मोजणीचा तक्ता आणि आभारपत्र असा संच वनविभागाच्या कार्यालयात दिला, त्याचीही पोच घेतली. दुसरा संच गावात बाबांकडे पाठवला.

त्या मुलीला मी आईच्या खोकल्याविषयी विचारले. ती म्हणाली, “आईने एक फोडून वास घेतला. बाकीचे तांदळाच्या डब्यात ठेवलेत. ती विचारत होती, ती आजी कुठल्या गावची?”